पिवळ्या तळहातांचा हिवाळा

थंडी पडली की बाकीचे लोक पेटीतून स्वेटर काढतात, मी खिडकीपाशी जाऊन माझे तळहात बघते. दोन्ही हात उजेडात धरायचे, उलटसुलट करायचे, बोटं फाकवून मधल्या रेघा तपासायच्या. आठ-नऊ वर्षं झाली, पण ही खोड काही जात नाही. हात ठीकठाक असतात. तरी एकदा बघून घेतल्याशिवाय मला हिवाळा सुरू झाल्यासारखं वाटत नाही.

या वर्षी ती वेळ गेल्या आठवड्यात आली. नंदुरबारहून शहाद्याला निघाले होते, रजा टाकून, गावाला जायला. तापीचा पूल ओलांडला आणि आमची एस. टी. पपईच्या ट्रकमागे अडकली. ट्रक गच्च भरलेला, फळं वर्तमानपत्रात गुंडाळलेली, फटींतून कडबा बाहेर आलेला. पिकायला लागलेल्या पपईचा एक वास असतो. तो धड गोड नसतो आणि धड कडूही नसतो, त्यात चिकाची उग्र झाक असते. तो वास खिडकीतून आत आला आणि माझे हात आपोआप मांडीवर उताणे झाले. शेजारच्या आजींना वाटलं मी प्रसादासाठी हात पसरलाय. त्यांनी पिशवीतून दोन बोरं काढून माझ्या तळव्यावर ठेवली. मी खाल्ली.

त्या हिवाळ्यात आमच्या अडीच एकरांत पपई होती. कळसाडीच्या अलीकडे आमचं गाव. आजूबाजूला ऊस आणि कापूस, मधे आमची पपई. थंडीनं फळाला डाग पडू नयेत म्हणून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, झाडांना जुन्या साड्या गुंडाळल्या होत्या. गावातल्या निम्म्या बायकांच्या साड्या आमच्या शेतात उभ्या होत्या. लांबून पाहिलं तर वाटायचं, हळदीकुंकवाला बायका जमल्यात. ज्या फळाला डाग पडे, ते ट्रकमध्ये जात नसे. आणि जे ट्रकमध्ये जात नसे ते आमच्या ओसरीवर येई. सकाळी ओसरी झाडायची म्हणजे आधी पपया बाजूला करायच्या.

आता या पपया खाणार कोण? आप्पांना पपई आवडत नाही. शेतकऱ्याला स्वतःचं पीक खायला आवडत नाही, हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. राहिले मी. आणि मी त्या वर्षी पोलीस भरतीची तयारी करत होते.

इथे माझ्या मायची ओळख करून द्यायला हवी. माय आमच्या गावच्या अंगणवाडीत मदतनीस आहे. खिचडी शिजवायची, पोरांना गोळा करायचं, हात धुवायचे, वाढायचं, भरवायचं, हे तिचं काम. घरात आम्ही सगळे अहिराणी बोलतो, पण मायकडे एक शब्द सरकारी मराठीतला आहे, आणि तो ती जपून नव्हे, भरपूर वापरते. तो शब्द म्हणजे 'पौष्टिक'. अंगणवाडीच्या भिंतीवर तक्ता आहे, त्यावर गाजर, शेवगा, अंडं आणि अगदी मधोमध चिरलेली पपई. त्या तक्त्यावर माझ्या मायची जितकी श्रद्धा आहे तितकी देव्हाऱ्यावर असेल की नाही, शंका आहे. तिनं कसली कसली पोरं पाहिलीत. काटकुळे हात, फुगलेली पोटं. पोर कुपोषित आहे का ते बघायला दंडाला गुंडाळायची ती रंगीत पट्टी तिच्या पिशवीत कायम असते. दंड लाल पट्ट्यात आला की मायचा दिवस खराब जातो, हिरव्यात आला की ती घरी येऊन दोनदा सांगते. आमच्या जिल्ह्यात कमी खाण्याचे तक्ते आहेत. जास्त खाण्याचा तक्ता कुणी कधी लावलेला नाही. पौष्टिक वस्तू एखाद्याला जास्त होऊ शकते, असं मायला कुणी सांगितलं असतं तर तिनं त्याला पाणी देऊन बसवलं असतं आणि आधी त्याचाच दंड मोजला असता.

तर माय माझ्या भरतीच्या तयारीला लागली. पहाटे उठल्यावर भिजवलेले हरभरे, मूठभर. त्यावर दोन केळी. मग मी पळायला जायचे. आल्यावर अंडी, शेंगदाण्याचा लाडू आणि पपई. दुपारी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची भाकरी, भरीत, तुरीचं वरण आणि पपई. चार वाजता उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणि पपई. रात्रीचं जेवण झाल्यावर, अन्न नीट पचावं म्हणून, पपई. एकदा तिनं ती रंगीत पट्टी माझ्या दंडाला गुंडाळून बघितली. पाच वर्षांखालच्या लेकरांची पट्टी ती, माझ्या दंडाला अर्धीच पुरली. तरी माय म्हणाली, "हिरवीना बी पुढे गयी मन्ही पोर." आणि खूश झाली.

आणि नको म्हणायची सोय नव्हती. म्हणजे म्हणायचं, पण त्याची एक रीत होती. आमच्या घरात 'बस' तीनदा म्हणायचं असतं. पहिलं 'बस' म्हणजे नुसती रीतभात, ते वाढणाऱ्याच्या कानापर्यंतही जात नाही. दुसरं 'बस' म्हणजे लाजणं. तिसऱ्या 'बस'ला ताटावर दोन्ही हात आडवे धरून पुढे वाकायचं, तेव्हा कुठे वाढणारी थांबते, तीही एक घास हातांच्या फटीतून टाकून. हे कुणी शिकवत नाही. आईच्या दुधाबरोबर येतं. त्यामुळे आम्ही सगळे काय करतो, तर पोट अर्धं असतानाच पहिलं 'बस' म्हणून मोकळे होतो. पुढची दोन यायचीच असतात.

रवीनाला हे माहीत नव्हतं. रवीना सातपुड्यातली, धडगावकडची. शहाद्याला वसतिगृहात राहून शिकायची आणि माझ्याबरोबर भरतीची तयारी करायची. पहाटे सायकलवर येई, मग आम्ही दोघी पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला पळायचो. साखर कारखान्याचं गाळप चालू असायचं. उसाच्या गाड्या रांगेत, बैलांच्या नाकातून वाफा, आणि हवेत उकळत्या रसाचा असा काही घट्ट वास की नुसता श्वास घेतला तरी न्याहारी झाल्यासारखं वाटावं. रवीना बारीक चणीची, पण पाय असे पडायचे की रस्ताच मागे सरकतोय असं वाटे. पहिल्यांदा ती आमच्याकडे जेवली तेव्हा मायनं विचारलं, "आखो भाकर लेस का?" आखो म्हणजे आणखी. रवीना म्हणाली, "बस." मायनं वाढली. रवीनानं त्या भाकरीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं, आणि हात धुवायला उठली. भाकरी ताटात तशीच. माझ्या मायच्या राज्यात असला प्रकार आधी घडला नव्हता.

बाहेर आल्यावर मी रवीनाला म्हटलं, "अगं, तीनदा म्हणायचं असतं."

"का? त्यांना ऐकू कमी येतं का?"

मला हसू आवरेना. तिला मात्र खरंच कोडं पडलं होतं. "आमच्या घरी एकदाच विचारतात," ती म्हणाली. "पाहिजे असेल तर हो म्हणायचं, नसेल तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर आमच्या बाबांना राग येतो. म्हणतात, माझं पोट तुला जास्त कळतं का?"

मी तेव्हा ते हसण्यावारी नेलं. पण पळताना रवीना पुढे आणि मी मागे, हे रोजचंच होत चाललं होतं. पहिल्या फेरीतच माझ्या बरगडीखाली कळ यायची. पोटात पाण्यानं भरलेली घागर घेऊन पळावं तसं डुचमळायचं. आठशे मीटरची माझी वेळ कमी व्हायच्या ऐवजी वाढत चालली होती. रवीना वळून म्हणायची, "जयू, तू पळतेस का पपई वाहून नेतेस?" मी घरी येऊन मायला सांगितलं की माझा वेग कमी होतोय. माय म्हणाली, ताकद कमी पडत असेल. आणि तिनं डिंकाचे लाडू केले.

मैदानी चाचणीला महिना उरला होता. घरात पोलिसात कुणी नाही. आमच्या गल्लीतून तर मुलगी कधी भरतीच्या मैदानापर्यंतही गेली नव्हती. आप्पांनी सांगून ठेवलं होतं, ही एक भरती बघू, नाहीतर मग स्थळं बघायला लागू. त्यांनी हे प्रेमानंच सांगितलं होतं, म्हणून जास्त भीती वाटायची. मला ते मैदान हवं होतं. दुसरं काहीही नको होतं. त्या एका महिन्याचा प्रत्येक दिवस मी बोटांवर मोजत होते, आणि मोजता मोजताच एक दिवस सुमनकाकूंनी माझी बोटं पाहिली.

सुमनकाकू आमच्या शेजारच्या. मिरच्या निवडायला आल्या होत्या. माझा हात धरून त्यांनी उन्हात नेला.

"जयू, तुन्हा हात पिवया काबरं दिखी ऱ्हायनात वं?"

मी बघितलं. खरंच पिवळे होते. तळहात पिवळे, तळपाय पिवळे, नाकाच्या बाजूच्या घड्या पिवळ्या. रोज बघून बघून आम्हाला कुणाला जाणवलंच नव्हतं. मायच्या हातातलं सूप खाली पडलं.

"कावीय शे ही," काकू म्हणाल्या. "मन्हा देरले बी आशीच व्हयनी व्हती. तेलकट बंद कर. इले निजाडी ठेव. आनि दोनच गोष्टी दे, उसना रस नि पपई."

आमच्याकडे कावीळ म्हटली की हे दोन उपाय लहान पोरही सांगेल. ऊस आमच्या रस्त्यावरून रोज जात होता, पपई ओसरीवर होतीच. म्हणजे औषध घरचंच. मायनं कंबर कसली. माझं पळणं बंद. शूज माळ्यावर. मी खाटेवर, गोधडीत, आणि समोर पपई. आधी मी दिवसातून चारदा खायचे, आता आजारी म्हणून सातदा. पिवळेपणा वाढला. पिवळेपणा वाढला म्हणून पपई वाढली. पपई वाढली म्हणून पिवळेपणा वाढला. आज मला हे सांगताना हसू येतं, पण तेव्हा आमच्या घरात कुणी हसत नव्हतं. माय रात्री उठून माझ्या कपाळाला हात लावायची. ताप नसायचा. मला भूक लागायची, झोप लागायची, कंटाळा यायचा, रडू यायचं, पण आजारी मात्र वाटायचं नाही. हे मी सांगितलं की काकू म्हणायच्या, ही कावीळ आतली असते.

मग एका गावी कावीळ उतरवतात असं कळलं. आप्पा मोटारसायकलवर मला घेऊन गेले. एका म्हाताऱ्या बाबांनी वेलीच्या काड्यांची इवलीशी माळ माझ्या डोक्यावर ठेवली. कावीळ उतरत जाते तशी माळ लांबत जाते आणि अंगावरून खाली येते म्हणे. माळ खरोखर लांबली. चार दिवसांत खांद्यावर, सहाव्या दिवशी कमरेपर्यंत, आठव्या दिवशी पायांतून निघून गेली. कावीळ उतरली. हात मात्र आधीपेक्षा जास्त पिवळे. आम्ही परत गेलो. बाबांनी माझा हात बघितला, मग खालची पापणी ओढून डोळा बघितला, बराच वेळ. मग आप्पांना म्हणाले, "हाई मन्ही कावीय नही, भाऊ. इले डॉक्टरले दखाड." त्या म्हाताऱ्याबद्दल मला आजही आदर आहे. आपलं नव्हे ते आपलं नव्हे, हे सांगायला हिंमत लागते.

त्याच संध्याकाळी रवीना आली. मी खाटेवर, मांडीवर वाटी. ती दारातच उभी राहिली. "अठरा दिवस राहिलेत," ती म्हणाली. एवढंच. मी वाटी खाली ठेवली आणि मला जोरात रडू आलं. मायनं ते पाहिलं. दुसऱ्या दिवशी माय अंगणवाडीत रजा सांगून मला शहाद्याला घेऊन गेली.

डॉक्टर बाई तरुण होत्या. त्यांनी पण आधी डोळे पाहिले. मग जीभ. मग पोट दाबलं. मग खुर्चीला टेकून मायला विचारलं, "ही जेवते काय?"

मायला हा प्रश्न आवडला. तिनं यादी सांगायला सुरुवात केली. हरभरे, केळी, अंडी, लाडू. जिथे जिथे पपई आली तिथे डॉक्टरांचं पेन थोडं थांबलं. चौथ्या पपईला त्यांनी पेन खाली ठेवलं. सातव्या पपईला त्यांना हसू फुटलं.

"डोळे पांढरेशुभ्र आहेत. कावीळ असती तर आधी डोळे पिवळे झाले असते," त्या म्हणाल्या. "हा पपईचा रंग आहे. पपईतला पिवळा रंग शरीराला हवाच असतो, पण लागेल तेवढाच ते वापरतं. उरलेला कातडीखाली ठेवून देतं. धोका काही नाही. पपई थांबवा, रंग हळूहळू जाईल."

मायला हे पटेना. "मॅडम, मी अंगणवाडीमा शे. पपई पौष्टिक शे ना?"

"आहेच. पण पोटाला पौष्टिक कळत नाही, पोटाला जागा कळते." त्यांनी टेबलावरचा हातमोजा उचलला, त्यात फुंकर मारली. "पोट असं ताणलं गेलं की वर मेंदूला निरोप जातो, आता पुरे. पण तो निरोप पायी जातो. पोचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. तेवढ्या वेळात तुमच्याकडे किती वाढून होतं?"

मी म्हटलं, "दोन भाकरी आणि अर्धी पपई."

"आणि पपईत पाणी आणि चोथाच जास्त. पोट तडस लागेपर्यंत भरतं, आणि थोड्या वेळानं पुन्हा रिकामं. वरण, अंडं, शेंगदाणे थोडे खाल्ले तरी बराच वेळ टिकतात. हिच्या पोटाला 'पुरे' म्हणायची संधीच मिळत नाहीये. भरल्या पोटानं पळते म्हणून कळ येते." मग त्या मायकडे वळल्या, अगदी सहज विचारलं, "ताई, अंगणवाडीत तुम्ही लहान बाळांना भरवता ना? बाळाचं पोट भरलं हे तुम्हाला कसं कळतं?"

"तोंड फिरवस," माय म्हणाली.

"मग तुम्ही काय करता?"

"वाटी बाजूले ठेवस."

मी मायकडे बघितलं. गावातल्या सगळ्या लेकरांचं फिरवलेलं तोंड तिला वर्षानुवर्षं कळत होतं. माझं तोंड मी कधी फिरवलं होतं, ते तिला आठवत असावं.

परतीच्या वडापच्या गाडीत मी तिला हसवायला बघितलं. म्हटलं, माय, निदान माझी कावीळ तरी बरी झाली. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला फार वाईट वाटलं. तिनं जे काही केलं होतं, ते तिला येत होतं तेच केलं होतं, आणि भरभरून केलं होतं. आजारी मी नव्हतेच. आजारी ती पडल्यासारखी झाली.

रात्री तिनं जेवायला वाढलं. एक भाकरी, वरण, मेथी. मी खाल्लं. तिनं विचारलं, "आखो?" मी सवयीनं म्हटलं, "बस." आणि माय थांबली. भाकरीची टोपली झाकली, वरणाची पळी पातेल्यात ठेवली. मी वाट बघत होते. दुसऱ्या 'बस'ची वेळ झाली, टळून गेली. तिसऱ्याची झाली, तीही गेली. मी ताटावर आडवे धरायला हात तयार ठेवले होते, ते तसेच मांडीवर राहिले. मी त्या रात्री अर्धपोटी झोपले.

दुसऱ्या दिवशीही तेच. लेखाच्या या भागात मी उपाशी आहे, आणि तेही अन्नानं भरलेल्या घरात. चूक माझीच होती. इतकी वर्षं पोटाला विचारल्याशिवाय मी 'बस' म्हणत आले होते, कारण त्या शब्दाला किंमतच नव्हती. आता माय त्याला सोन्याची किंमत देत होती. म्हणून तिसऱ्या दिवशी मी पहिल्यांदा जेवताना थांबले. घास खाली ठेवला आणि आत कान लावून बसले. भूक आहे का? थोडी आहे. अजून अर्धी भाकरी. ती खाल्ली. पुन्हा थांबले. आत काहीतरी शांत होत चाललं होतं, गावात गलका असावा आणि एकेक दार लागत जावं तसं. मी म्हटलं, "बस." माय म्हणाली, "व्हयनं?" म्हणजे, झालं? मी म्हटलं, "व्हयनं." आम्हा दोघींनाही हा प्रकार इतका नवा होता की दोघीही एकमेकींकडे बघून लाजलो.

तेव्हापासून मी पोट भरणं या गोष्टीकडे जरा बारकाईनं बघते. लग्नात बघा. शेवभाजी आणि पुरी खाऊन माणूस हुश्श करून बसतो, आता पाण्याचाही घोट नको म्हणतो. तेवढ्यात जिलबी येते. आणि त्या माणसाच्या पोटात कुठून तरी एक खोली उघडते. तिखटानं कंटाळलेली जीभ गोडाला नव्यानं भुकेली होते, पोट बिचारं तेच असतं. किंवा गप्पा मारत सोललेल्या तुरीच्या शेंगा बघा. समोर टरफलांचा ढीग दिसतो म्हणून कळतं किती झाल्या, ढीग कुणी उचलून नेला तर पाटी संपेपर्यंत माणूस उठणार नाही. आमच्या घरात तेव्हापासून एक बोलणं पडलं. कुणी तिसरी पोळी मागितली की आप्पा म्हणतात, "थांब जरासा, निरोप वाटमा व्हई." अर्ध्या वेळा तोवर भूक गेलेली असते. अर्ध्या वेळा जात नाही, आणि मग पोळी मिळते.

अठरा दिवसांपैकी उरलेले सतरा मी पळाले. शूज माळ्यावरून काढले तेव्हा त्यात सरकीचे दाणे होते, उंदरांनी ठेवलेले. पहिले दोन दिवस पाय जड होते, नंतर कळ आली नाही. आठव्या दिवशी मी रवीनाच्या चार पावलं मागे होते. तिनं वळून बघितलं आणि वेग वाढवला. मला त्याचा फार आनंद झाला.

चाचणीच्या सकाळी मायनं अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. एक केळ. ओट्याला टेकून ती उभी होती, पदराचं टोक दोन्ही हातांत घट्ट धरून. "तुले जितलं लागस तितलं खाय," ती म्हणाली. मी खाल्लं. "व्हयनं?" "व्हयनं." तिचे ओठ घट्ट मिटलेले होते. 'आखो' हा शब्द बाहेर येऊ नये म्हणून ती किती जोर लावत होती, हे मला दिसत होतं. तिच्या आयुष्यात तिनं मला दिलेल्या सगळ्या जेवणांपैकी, ती अर्धी भाकरी द्यायला तिला सगळ्यात जास्त कष्ट पडले असतील.

नंदुरबारच्या वेशीला मिरचीच्या पथाऱ्या पसरल्या होत्या, लालच लाल, आणि आम्ही सगळ्या मुली शिंकत शिंकत मैदानावर पोचलो. कागद तपासणाऱ्या बाईंनी माझ्या हातावर नंबर लिहायला हात उताणा केला आणि थबकल्या.

"हळद लागलीय का गं? लग्नातून उठून आलीस की काय?"

"नाही मॅडम. पपई."

"काय?"

"जास्त खाल्ली."

मागे रवीना फिसकन हसली. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं, नंबर लिहिला आणि म्हणाल्या, "बरं. पळ आता."

पळण्याबद्दल मला फारसं आठवत नाही. धूळ, शिट्टी, पुढच्या मुलीची वेणी. पण एक गोष्ट लख्ख आठवते. शेवटच्या वळणावर माझ्या लक्षात आलं की सुरुवातीपासून आतापर्यंत मला माझं पोट एकदाही आठवलं नाही. ते भरलेलंही नव्हतं आणि रिकामंही नव्हतं. ते फक्त माझ्या बाजूनं होतं. निवडीची यादी लागली तेव्हा रवीनाचं नाव माझ्या बरंच वर होतं, पण माझंही होतं. आता ती तिच्या डोंगरात धडगावला असते, मी नंदुरबारला. हातांचा रंग होळीपर्यंत उतरला. वर्दीच्या मापाला गेले तेव्हा शिंप्यानं फक्त एवढंच विचारलं की बाही कुठवर हवी.

तर गेल्या आठवड्यात मी घरी पोचले. माय नुकतीच अंगणवाडीतून आली होती. केस बरेच पांढरे झालेत, पिशवीत ती रंगीत पट्टी तशीच. यंदा पुन्हा पपई लावलीय, शेतात पुन्हा साड्या उभ्या आहेत. त्यात एक माझी जुनी पंजाबी ओढणीही दिसली. जेवायला बसले. भरीत, कळण्याची भाकरी, आणि शेवटी एका ताटलीत पपईच्या दोन फोडी. दोनच. मी खाल्ल्या. गोड होत्या.

"आखो?" मायनं विचारलं.

"बस," मी म्हटलं.

तिनं ताटली बाजूला ठेवली आणि त्यावर झाकण ठेवलं. ती गावभर अभिमानानं सांगते, मन्ही जयू एकदाव बस म्हनी की बस. आठ-नऊ वर्षं तिनं हा नियम मोडलेला नाही. बंदोबस्तात, कॅन्टीनमध्ये, सासरी, सगळीकडे मी मोजून जेवते आणि मला बरं वाटतं. पोट माझं ऐकतं, मी पोटाचं ऐकते. पण त्या दुपारी मी ताटावरून उठले नाही. पोट भरलं होतं. निरोपही पोचला होता. तरी काहीतरी वाढायचं राहिलं होतं, आणि ते पातेल्यात नव्हतं. डॉक्टर बाईंनी पोटाचं सगळं सांगितलं होतं, हे एक सांगायचं राहून गेलं होतं. किंवा ते त्यांच्या खात्यातलं नसेल.

माय हात पुसत होती. मी म्हटलं, "माय, आखो एकदाव इचार ना."

तिला कळलं नाही. मग कळलं. तिनं माझ्याकडे बघितलं, माझे दोन्ही हात ओढून घेतले, दाराच्या उजेडात उताणे करून नीट तपासले. पांढरे होते. मग तिनं ताटलीवरचं झाकण काढलं.

"ले ना वं, थोडीशी."

"बस."

"एकच फोड. बारकीशी शे."

"बस म्हनं ना माय."

तिनं ताटली अजून जवळ आणली. तिचा चेहरा मी इतक्या वर्षांत असा पाहिला नव्हता. "हाई शेवटली," ती म्हणाली.

तिसऱ्यांदा मी काही म्हटलं नाही. ताट पुढे केलं.